मोडलेल्या कमानीचा स्नोबोर्ड

मी एक जुना स्नोबोर्ड आहे, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायची फळी. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल, आणि उज्जैनमध्ये तर माझ्या जातीचा दुसरा कुणी असेल असे वाटत नाही. इथे बर्फ म्हणजे टावर चौकातल्या गाडीवरचा, काडीला थापून वर रंगीत सरबत ओतलेला गोळा. फ्रीगंजच्या मागच्या गल्लीतल्या या घरी येणारी माणसे मला इस्त्रीची फळी समजतात. एका पाहुण्यांनी तर माझ्याकडे बराच वेळ बघून विचारले होते, "ये किस काम आता है?" तेव्हा मला मजा वाटायची. आता माझ्या पोटात एक आडवी चीर आहे आणि पुढचे टोक फुटले आहे. ती चीर कशी पडली ते मी तुम्हाला सांगणार आहे. माझे आयुष्य आपटण्यात आणि आदळण्यात गेले, तेव्हा ऐकताना थोडी भीती वाटली तर वाटू द्या.

माझा जन्मच दाबाखाली झाला. हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून माझा गाभा केला. त्याच्या वरखाली काचेच्या धाग्यांचे कापड घातले, त्यावर चिकट राळ ओतली, तळाला गुळगुळीत प्लॅस्टिक लावले आणि कडेने पोलादाची पट्टी फिरवली. मग तापलेल्या यंत्राच्या दोन जबड्यांत मला घालून असे आवळले की सगळे थर एकजीव झाले. बाहेर आलो तेव्हा मी सपाट नव्हतो. मला फरशीवर ठेवले की माझी दोन टोके टेकत आणि मधला भाग किंचित वर राही. ती माझी कमान. कुणी वर उभे राहिले की कमान दबते आणि वजन मधून दोन्ही टोकांकडे पसरते. पाय काढला की मी पुन्हा उसळतो. शिवाय माझी कंबर बारीक आहे, म्हणजे माझ्या दोन्ही कडा सरळ नसून आत वळलेल्या आहेत. मला एका कडेवर तिरके केले आणि वरून जोर दिला, की मी वाकतो, माझी धार बर्फात रुतते, आणि मी त्या गोल रेषेवरून आपोआप वळतो. स्नोबोर्डचे सगळे गुपित एवढ्यात आहे. पण हे शिकताना माणसाची हाडे खिळखिळी होतात.

माझी मालकीण देवश्री. ती फ्रीगंजमधल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. तिच्या वडिलांना सगळे भय्यासाहेब म्हणतात. या घरचे पूर्वज कधीकाळी दरबारात लिखापढीचे काम करत. भय्यासाहेबांनी मात्र लेखणी सोडून अंगमेहनतीचा नाद धरला. ते शाळेत व्यायामशिक्षक होते आणि घरामागच्या अंगणात त्यांनी सागवानी मल्लखांब पुरला आहे. गल्लीतल्या कितीतरी मुलांना त्यांनी त्यावर चढवले. सगळ्यांत तयार झाली ती त्यांची स्वतःची लेक. देवश्री मल्लखांबाच्या टोकावर एका पायावर उभी राहिली की बघणाऱ्यांचा श्वास अडकत असे. ती देशाकडून खेळेल असे भय्यासाहेबांनी मनात पक्के धरले होते.

कॉलेजात असताना ती एका शिबिराला गुलमर्गला गेली आणि तिथे तिने पहिल्यांदा स्नोबोर्डवर पाय ठेवला. तिथेच तिने मला जुन्यात विकत घेतले आणि परत येताना मी तिच्यासोबत होतो. आधीच्या मालकिणीने मला एकच हिवाळा वापरले होते.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी देवश्रीला फार मारले. मित्रांनो, माझी एक सवय फार वाईट. मी उतारावर आडवा घसरत असताना खालच्या बाजूची धार जरा जरी टेकली, तरी ती बर्फाला धरते. मी जागच्या जागी थांबतो, पण वरचे माणूस त्याच वेगात असते. पाय मला बांधलेले, त्यामुळे सगळे अंग झाडू आपटावा तसे आपटते. देवश्री पाठीवर पडली, डोक्यावर पडली, एकदा हनुवटीवर पडून तिची जीभ दाताखाली आली आणि पांढऱ्या बर्फावर रक्त सांडले. तिने ते थुंकले, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि पुन्हा उठली. हळूहळू तिला माझी नस सापडली. बर्फावरून पळताना माझ्या तळाखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि त्यावरून मी सुसाट जातो. वळणावर तिच्या पायांवर असा भार येई की जणू खांद्यावर आणखी एक माणूस बसले आहे. ती गुडघे वाकवून तो भार पेलायची आणि वळण संपता संपता मला मोकळे सोडायची. मी उसळून तिला पुढच्या वळणावर फेकायचो. त्या क्षणी ती ओरडायची. तसा आनंद मी परत कधी ऐकला नाही.

ती घरी आली तेव्हा तिचे कोपर काळेनिळे होते. भय्यासाहेबांनी मला दारातच पाहिले.

"ये क्या लगा रखा है, देवश्री? एवढी वर्षं घासलं तुला, ते या फळीसाठी?"

"बाबा, तोल तर तुम्हीच शिकवलात. तोच तिथे कामी येऊन राहिला."

"पडायला नव्हता शिकवला तोल," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

त्यानंतर ती दर हिवाळ्यात गेली. एका वर्षी पदक घेऊन आली. तिच्या आईने, मंगलाताईंनी, तिला ओवाळले आणि मग हसत माझ्या कपाळावरही, म्हणजे पुढच्या टोकावर, कुंकवाचे बोट लावले. भय्यासाहेब अंगणात मुलांना उड्या शिकवत होते. ते आत आले नाहीत. मी उन्हाळाभर देवश्रीच्या पलंगाखाली पडून राहायचो. उज्जैनच्या उन्हाळ्यात माझ्या थरांमधली राळ कशी तापते ते मलाच ठाऊक. ती मात्र दर रविवारी मला बाहेर काढून पुसायची, धारेवर तेलाचा हात फिरवायची आणि तळाला मेण लावायची.

भय्यासाहेबांची आशा आता धाकट्या आल्हादवर होती. आल्हाद मल्लखांबावर ताईच्या तोडीचा झाला होता. आणि नेमका तोच एका हिवाळ्यात म्हणाला, "बाबा, मी पण जातो ताईसोबत. एकदा बघून येतो, बस."

भय्यासाहेबांनी देवश्रीकडे पाहिले. "याला काही झालं ना, तर तू या घरात पाय ठेवायचा नाही."

तो एकदा गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा गेला. उंच उतारांवर उतरण्याइतका तो तयार झाला होता. आता मित्रांनो, ती सकाळ ऐका.

आदल्या रात्रभर वारा होता. वाऱ्याने डोंगराच्या पलीकडचा बर्फ उचलून आमच्या बाजूच्या उतारावर आणून टाकला होता. वरून तो घट्ट, चांगला दिसत होता. त्याच्या खाली मात्र जुन्या बर्फाचे सुटे, साखरेसारखे कण होते. जाड थर खालच्या थराला धरून नव्हता. हे वरून डोळ्यांना दिसत नाही. आमच्या आधी दोघेतिघे तिथून उतरून गेले होते. आल्हाद पुढे निघाला, खाली एका खडकाजवळ थांबला आणि त्याने हात हलवला. देवश्रीने मला सरळ केले.

आम्ही मध्यावर होतो तेव्हा पोटातून यावा तसा 'धप्प' आवाज आला. वर, बऱ्याच उंचीवर, एक काळी रेघ उतारावरून आडवी धावत गेली. मग अख्खा उतार सुटला. पायाखालची जमीनच पळू लागली. बर्फाच्या पलंगाएवढ्या लाद्या एकमेकींवर चढत, फुटत, गर्जत खाली येऊ लागल्या.

"आल्हाद! बाजूला! बाजूला हो!"

देवश्रीने सगळे वजन आपल्या पुढच्या पायावर टाकले आणि मला तिरके, उताराच्या कडेकडे सोडले. मी आयुष्यात तेवढ्या वेगाने कधी पळालो नाही. माझी धार थरथरत होती, तळाखालचा बर्फ जागेवर राहत नव्हता. कडेच्या झाडांपाशी पोहोचतो तोच मागून एक लादी आमच्यावर आदळली. आम्ही उलटेपालटे झालो. तिचे डोके खाली, मी वर, मग मी खाली. एका झाडाच्या खोडावर माझी शेपटी, म्हणजे मागचे टोक, आपटली आणि आम्ही थांबलो. गर्जना खाली निघून गेली. मग एकदम काहीच आवाज राहिला नाही.

खडकाजवळ आल्हाद नव्हता. तो खडकही नव्हता.

देवश्री ओरडत, मला पायांत घेऊनच खाली घसरली, पडली, उठली. त्या ढिगाऱ्यात तिला निळे काहीतरी दिसले. ते आल्हादच्या बोर्डाचे टोक होते, वीतभर बाहेर आलेले. ती हातांनी उकरू लागली. मित्रांनो, कोसळून थांबलेला बर्फ कापसासारखा राहत नाही. घासून घासून त्याचे कण तापतात आणि थांबल्याबरोबर एकमेकांना घट्ट धरतात. सिमेंट जमावे तसा तो जमला होता. तिचे हातमोजे फाटले. नखे उलटली. फावडे दोघांत एकच होते, आणि ते आल्हादच्या पाठीवरच्या पिशवीत, त्याच्यासोबत गाडलेले होते.

तेव्हा तिने मला पायांतून सोडवले, दोन्ही हातांनी शेपटीकडून धरले आणि माझे टोक त्या बर्फात खुपसले.

मी घसरण्यासाठी बनलो होतो, फोडण्यासाठी नाही. पण माझी धार पोलादाची होती. ती मला वरून खाली हाणत होती आणि प्रत्येक घावाला एक ढेकूळ सुटत होते. पाय सापडले. ते वेडेवाकडे होते, एक मांडी नको तिथून वाकली होती. तिने तिकडे पाहिले नाही. ती डोक्याच्या दिशेने फोडत राहिली. माझ्या टोकाचे प्लॅस्टिक फाटले, कडेची पट्टी उचकटली, आतले लाकूड चिरफाळू लागले. ती रडत नव्हती. दात आवळून एकच शब्द म्हणत होती, "थांब. थांब. थांब." खांदा सापडला, तसे तिने मला फेकले आणि हातांनी त्याचे तोंड मोकळे केले. ओठ जांभळे झाले होते. तोंडात बर्फ ठासून भरला होता. तिने बोटे घालून तो काढला, स्वतःचे तोंड त्याच्या तोंडावर ठेवले आणि फुंकले. पुन्हा फुंकले. मी शेजारी पडून होतो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग आल्हादच्या घशातून एक भयंकर घरघर आली आणि तो खोकला.

मदतीची माणसे घसरगाडी घेऊन आली तेव्हा देवश्री त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हातांचे रक्त त्याच्या केसांत गोठले होते.

आल्हादच्या मांडीत सळई बसवली. वसंत लागता लागता आम्ही उज्जैनला परतलो. भय्यासाहेबांनी देवश्रीला घराबाहेर काढले नाही, पण ते तिच्याशी बोलायचे थांबले. ती समोर आली की ते उठून अंगणात जायचे. कुणी डोंगराचे नाव काढले तर ताटावरून उठायचे. त्यांना एवढेच माहीत होते, की हिने त्याला नेले आणि त्याचा पाय गेला. मला पुन्हा पलंगाखाली सरकवले गेले. या वेळी मला कुणी पुसले नाही. धारेवर गंजाचे लाल ठिपके आले.

एका दुपारी भय्यासाहेब आल्हादला हाडांच्या डॉक्टरकडे दाखवून परत आले. डॉक्टरांनी सांगितले होते की मुलगा चालेल, पण मल्लखांब विसरा. भय्यासाहेब चपला न काढताच देवश्रीच्या खोलीत शिरले. त्यांनी मला ओढून काढले आणि अंगणात नेले.

आधी त्यांनी मला मल्लखांबावर हाणले. बत्तीस वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या त्या लाकडावर मी आदळलो, थरथरलो आणि तसाच राहिलो. पुन्हा हाणले. त्यांच्याच हातांना झिणझिण्या आल्या असतील. मग त्यांनी दोन दगड लांबलांब मांडले, त्यांवर मला उपडे टाकले, तळ वर करून, आणि ते माझ्या मधोमध उडी मारून चढले. मी वाकलो. अजून वाकलो. माझ्या आतला एकेक धागा ताणला गेला. पण वाकवून सोडले की मी काय करतो ते तुम्हाला आता ठाऊक आहे. त्यांचा भार एका बाजूला सरकला आणि मी उसळलो. भय्यासाहेब हवेत गेले आणि उजव्या हातावर पडले. मनगटातून 'कट्' असा आवाज आला.

ते ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने कोपऱ्यातला घण उचलला. त्या हाताचे सगळे बळ लावून त्यांनी तो माझ्या पोटावर घातला. पहिला घाव मी सोसला. दुसऱ्याला माझा गाभा तुटला. ती चीर तेव्हाची.

देवश्री धावत आली. "बाबा, थांबा! अहो, थांबा!" तिने घणाचा दांडा धरला. भय्यासाहेबांनी तो सोडला आणि तिच्या थोबाडीत मारली. ती मागे कोलमडून मल्लखांबाला टेकली, सरळ झाली आणि पुन्हा माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. ओठ फुटला होता.

"बाबा!" वॉकर ढकलत आल्हाद मागच्या दारात आला होता. पायरीवर त्याचा वॉकर अडला आणि तो दाराची चौकट धरून कसाबसा उभा राहिला. "काय करून राहिले तुम्ही! याच्यामुळे मी जिवंत आहे!"

"याच्यामुळे? याच्यामुळे तुझा पाय गेला!"

"अहो, सुनो तो! फावडं माझ्या पाठीवर होतं, माझ्यासोबतच गाडलेलं. ताईनी यानं खोदलं मला. या बोर्डानं. याचं तोंड बघा, कसं फाटलंय! तिचे हात बघा!"

भय्यासाहेबांनी माझ्या टोकाकडे पाहिले. मग देवश्रीच्या बोटांकडे, जिथे दोन नखे अजून वेडीवाकडी उगवत होती.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, बाबा."

मंगलाताई बाहेर आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचे मनगट हातात घेतले. "सुजलंय केवढं. चला, आधी डॉक्टरकडे चला." भय्यासाहेब लहान मुलासारखे त्यांच्या मागे गेले. दारातून त्यांनी एकदा मागे वळून लेकीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला प्लास्टर घातलेले भय्यासाहेब अंगणात आले. मी तिथेच पडलो होतो. ते माझ्याजवळ जमिनीवर बसले आणि त्यांनी हाक मारली.

"देवश्री, इकडे ये. बस."

ती बसली, पण थोडी लांब.

"मी काल हात उचलला. ते फार गलत झालं माझ्याकडून. आता मला सांग. त्या दिवशी काय झालं, सगळं सांग."

तिने सांगितले. सुरुवातीला तुटक तुटक, मग सलग. वारा, काळी रेघ, निळे टोक, सिमेंटसारखा बर्फ. जांभळ्या ओठांपाशी आली तेव्हा तिचा बांध फुटला. डोंगरावर ती रडली नव्हती, दवाखान्यात रडली नव्हती, ती आता वडिलांच्या समोर हुंदके देऊन रडली. भय्यासाहेबांनी तिला गप्प राहा म्हटले नाही. ते सरकून तिच्याजवळ बसले आणि ती थांबली की हळूच विचारायचे, "मग?" उन्हे अंगणात उतरली, मल्लखांबाची मुले येऊन दाराशी उभी राहिली आणि परत गेली. तरी ते दोघे उठले नाहीत.

मी पुन्हा बर्फावर गेलो नाही. गाभा तुटलेला बोर्ड उतारावर मधोमध दुमडतो आणि माणसाला मारतो. आल्हाद थोडा लंगडतो. संध्याकाळी तो अंगणात उभा राहून लहान मुलांना मल्लखांब शिकवतो आणि वडिलांपेक्षा जास्त ओरडतो. पुढच्या हिवाळ्यात देवश्रीसाठी नवा बोर्ड आला. भय्यासाहेबांनी त्याच्या मधोमध तळवा ठेवून तो दाबून पाहिला आणि विचारले, "याला मेण कोणतं लागतं? घेतलंस का?" तो स्टेशनवर त्यांनीच खांद्यावरून नेला. देवश्रीच्या बॅगेत या वेळी दोन फावडी होती.

मित्रांनो, तुमची सायकल असो, बॅट असो, नाहीतर माझ्यासारखी एखादी फळी असो, तिला ओली टाकू नका, उन्हात तापत ठेवू नका. वापरून झाली की पुसा. आणि कधी संतापाने तुमचा हात वर गेला, तर तो खाली येण्याआधी समोरच्याला विचारा, त्या दिवशी काय झालं होतं. मला तोंड नाही, म्हणून मी घण सोसला. देवश्रीला तोंड होते, तरी कितीतरी दिवस त्या घरात तिला कुणी काही विचारले नाही. मी आता उसळत नाही. तीही माझ्यासारखीच आतून तुटता तुटता राहिली.